जार पडेपर्यंत

गेल्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी मी लेकीच्या सासरी, पुण्याला, पोहोचलो तो जवळजवळ गोठ्यातूनच. पहाटे संगमनेरजवळच्या एका वस्तीवर अडलेल्या गाईचे वासरू ओढून काढले होते. हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि मिळेल ती एस.टी. पकडली. जुना शर्ट पिशवीत तसाच राहिला होता. नात तेव्हा अडीच महिन्यांची होती. जेवणे झाली, फोटो झाले, नातीला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवून झाले. पाचव्या दिवशी तिचे नाक वाहू लागले, सातव्या दिवशी तिने अंगावर पिणे सोडले आणि आठव्या दिवशी ती लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात ऑक्सिजनवर होती. बाहेरच्या बाकावर विहीणबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, राग मानू नका, पण हे तुमच्या गोठ्यातून तर आलं नाही ना? तुमचा तो शर्ट मी त्याच दिवशी डेटॉल घालून उकळला होता, तरी मनात येतंच."

मी पशुवैद्य आहे. तीस वर्षे गोठ्यांतून फिरलो आहे. मी "नाही" म्हणालो. उत्तर बरोबर होते, पण अर्धेच होते, आणि उरलेले अर्धे त्या बाकावर बसून सांगण्यासारखे नव्हते. ते येथे सविस्तर लिहितो.

नातीच्या नाकातून घेतलेल्या नमुन्यात आर.एस.व्ही., म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस, निघाला. हे नाव ऐकले आणि मला पहिल्यांदा आठवली ती एक कालवड. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. एच.एफ. म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी दुधाळ जातीची संकरित, तीन महिन्यांची, अंगाने चांगली भरलेली कालवड मान पुढे ताणून, कोपरे बाहेर काढून उभी होती. तोंड उघडे, जिभेच्या कडेला फेस, आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज. थर्मामीटरने एकशे सहा दाखवले. खांद्यामागे पाठीवर हात ठेवला, तर कातडीखाली कुरमुऱ्याची पिशवी दाबल्यासारखे करकरले. फुप्फुसातून फुटलेली हवा छातीच्या आतून वाट काढीत पाठीच्या कातडीखाली येऊन बसली होती. मालकाने तेथे हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. मी प्रतिजैविक दिले, सूज उतरण्याचे औषध दिले, गोठ्याच्या एका बाजूचे पोत्यांचे पडदे काढायला लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी कालवड गेली.

शवविच्छेदनात छाती उघडली की निरोगी फुप्फुस हवा जाऊन बसते. हे बसलेच नाही. पुढचा-खालचा भाग काळपट जांभळा, यकृतासारखा घट्ट, आणि मागचा-वरचा भाग हवेने टम्म फुगलेला, त्यात जागोजागी बुडबुडे. नोंदवहीत मी 'न्यूमोनिया' लिहिले. आमच्या भागात वासरांच्या बहुतेक धापेला तेच नाव मिळते, कारण जिल्ह्याच्या पातळीवर विषाणूची तपासणी होत नाही आणि वासराच्या किमतीकडे पाहून ती करावी असे कोणाला वाटतही नाही. गाईगुरांतल्या आर.एस.व्ही.विषयी मी महाविद्यालयात वाचले होते, पण पुस्तकात वाचलेला रोग आणि हाताखाली करकरणारी पाठ यांची गाठ पडायला मला पुढे बरीच वर्षे लागली. पाठीवरची ती करकर, न बसणारे फुप्फुस, उघडे तोंड ही सगळी या आजाराच्या वर्णनातली ठळक चिन्हे आहेत.

आता विहीणबाईंच्या प्रश्नाकडे वळतो. माणसाचा आर.एस.व्ही. आणि गाईचा आर.एस.व्ही. हे दोन वेगळे विषाणू आहेत. पण चुलत नव्हे, सख्खे भाऊ म्हणावेत इतके जवळचे. दोघेही न्यूमोव्हिरिडी या कुळातले, दोघांचा जनुकसंच सुमारे पंधरा हजार अक्षरांचा, दोघांत दहा जनुके. विषाणूच्या अंगावरचे जे प्रथिन त्याला पेशीशी एकजीव करते, ते दोघांत सुमारे ऐंशी टक्के सारखे आहे. हेच प्रथिन शेजारशेजारच्या पेशींनाही एकमेकींत विरघळवते आणि अनेक केंद्रके असलेली एकच मोठी पेशी तयार होते; नावातला 'सिन्सिशिअल' हा शब्द त्यावरून आला. मात्र पेशीला चिकटणारे दुसरे प्रथिन दोघांत बरेच निराळे आहे. शिवाय शरीर विषाणूविरुद्ध जी पहिली हाकाटी करते, ती दाबून टाकण्याची प्रत्येकाची हातोटी आपापल्या यजमानापुरतीच नीट चालते. गाईच्या विषाणूला गाईच्या पेशीतला पहारेकरी गप्प करता येतो. माणसाच्या पेशीतला तितका येत नाही. म्हणून गोठ्यात काम करणाऱ्यांना वासराकडून हा आजार होत नाही, आणि सर्दी झालेल्या गवळ्याकडून गाईलाही होत नाही. मेंढ्या-शेळ्यांचे थोडे वेगळे आहे, त्या गाईच्या विषाणूला पूर्ण परक्या नाहीत. पण तो विषय येथे नको.

तरीही विहीणबाईंचा संशय खुळा नव्हता, कारण या विषाणूची ओळखच मुळी प्राण्यांतून झाली. वॉशिंग्टनमधील वॉल्टर रीड सैनिकी संशोधन संस्थेत ठेवलेल्या चौदा चिंपांझींना १९५५ साली एकाएकी सर्दी झाली आणि त्यांच्यापैकी एकाच्या घशातून हा विषाणू मिळाला. त्याचे पहिले नावही 'चिंपांझी सर्दीकारक' असेच होते. त्या चिंपांझींबरोबर काम करणाऱ्या एकालाही सर्दी-खोकला झाला. मग १९५७ मध्ये बाल्टिमोरला रॉबर्ट चॅनॉक यांना आजारी बालकांमध्ये तोच विषाणू सापडला, आणि सगळे चित्र उलटे झाले: तो चिंपांझींचा नव्हताच, माणसांचा होता. आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यात १९९९ पासूनच्या काही वर्षांत रानटी चिंपांझी श्वसनविकाराने दगावले, तेव्हा मृतांच्या फुप्फुसांत माणसाचाच आर.एस.व्ही. आढळला. म्हणजे बोट दाखवायचेच असेल, तर ते प्राण्यांनी आपल्याकडे दाखवावे. गाईगुरांतला विषाणू १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंड, जपान आणि बेल्जियम येथे वेगळा काढला गेला. भारतातल्या जनावरांच्या रक्तातही त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिने, सापडली आहेत. पण लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी यांच्या शिबिरांत जे लसीकरण आपण करतो, त्यात याची लस नसते.

आता वासरू आणि बाळ एकाच पद्धतीने का गुदमरतात, ते पाहू. विषाणू श्वासनलिकेच्या शेवटच्या, सुतासारख्या बारीक फांद्यांच्या अस्तरात वाढतो. त्या अस्तरावरच्या केसाळ पेशी गळून पडतात, त्यांचा गाळ, चिकट स्राव आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशी मिळून नळीत बोळा बसतो. नळीचा व्यास निम्मा झाला, तर हवेला होणारा विरोध दुप्पट नव्हे, सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नळीला जी सूज जाणवणारही नाही, ती बाळाला जीवघेणी ठरते ती यामुळे. श्वास घेताना छाती फुगते, नळी किंचित उघडते, हवा आत शिरते. सोडताना नळी मिटते आणि हवा अडकते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात शेजारशेजारच्या वायुकोशांना जोडणारी चोरवाट असते, त्यामुळे एक नळी बुजली तरी बाजूने हवा ये-जा करू शकते. तान्ह्या बाळात ही चोरवाट अजून तयार झालेली नसते. आणि गाईत ती जन्मभर जवळजवळ नसतेच, कारण गाईच्या फुप्फुसाचे लहान लहान खण जाड पडद्यांनी एकमेकांपासून पक्के तोडलेले असतात. अडकलेली हवा मग त्या पडद्यांतच फाटून शिरते आणि तेथून पाठीपर्यंत येते. त्या कालवडीच्या पाठीवरची करकर ती हीच.

नातीच्या पाठीत करकर नव्हती, पण तिच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता, नाकपुड्या फेंदारत होत्या. आपल्याकडे आया याला "पोट उडतंय" म्हणतात, आणि माझ्या मते हे दोन शब्द अनेक तपासण्यांपेक्षा आधी खरे सांगतात. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास किंवा अधिक झाले, तर ते जलद समजावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. मी घड्याळ लावून मोजले तेव्हा तिचे बहात्तर भरले होते. मिनिटभर मोजणे ही आमच्या धंद्यातली सवय. घरच्या माणसावर ती वापरताना आकडा दोनदा विसरलो.

उपचार दोन्हीकडे निराशाजनक म्हणावेत इतके साधे आहेत. विषाणूवर खात्रीचे औषध नाही. बाळाला ऑक्सिजन, नाक साफ ठेवणे, शिरेतून किंवा नळीने द्रव आणि दूध, आणि वाट पाहणे. वासरात मात्र विषाणूने अस्तर सोलून ठेवले की पाठोपाठ पाश्चरेला आणि मॅनहाइमिया यांसारखे जिवाणू घुसतात, म्हणून तेथे प्रतिजैविक बहुधा द्यावेच लागते. सोबत सूज उतरवणारे मेलोक्झिकॅम देतो. पूर्वी सर्रास डायक्लोफेनॅक देत असू. ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मरतात हे कळल्यावर २००६ पासून ते जनावरांसाठी बंद झाले. आणि मोकळी हवा. हिवाळ्यात वासरांना ऊब मिळावी म्हणून गोठा पोत्यांनी गच्च बंद करण्याची हौस मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. मूत्राचा वास डोळ्यांना झोंबेल इतका कोंडलेला गोठा वासराला थंडीपेक्षा जास्त नडतो.

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येतो. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे पोटात असतानाच वारेतून मिळतात. हे देणे चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, पण त्याचा मोठा हिस्सा शेवटच्या चार-पाच आठवड्यांत पोहोचतो. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तात तर ही प्रतिपिंडे आईपेक्षाही किंचित जास्त असतात. माझी लेक पस्तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली होती. म्हणजे शिदोरी बांधून होण्याआधीच नात निघाली. गाईची वार, जिला आपण जार म्हणतो, ती मुळातच वेगळ्या बांधणीची. तिच्यातून प्रतिपिंडे जवळजवळ जातच नाहीत. वासरू या बाबतीत रिकाम्या हाताने जन्मते. त्याला जे मिळायचे ते सगळे चिकातून, आणि तेही आतड्याचे दार उघडे असेपर्यंतच. जन्मल्यापासून पहिल्या सहा तासांत हे दार सताड उघडे असते, मग मिटू लागते आणि चोवीस तासांत बंद होते. तीस किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत तीन लिटर चीक पोटात जायला हवा.

आणि आपल्याकडे काय चालते? त्या पहाटे, गौरीजेवणाच्या दिवशीच, वासरू बाहेर आले, गाईने चाटले, ते धडपडत उभे राहून सडाकडे गेले, तेव्हा घरातल्या आजींनी त्याला दाव्याने मागे ओढले. मी विचारले तर म्हणाल्या, "जार पडू द्या आधी. जार पडायच्या आत पाजलं तर गाईला बाधतं." जार पडायला सहा तास लागतात, कधी आठ, कधी बारा, अडली तर दुसरा दिवस उजाडतो. जार पडेपर्यंत वासराच्या आतड्याचे दार मिटत आलेले असते. खरे तर वासरू सडाला लागले, की गाईच्या अंगात जे संप्रेरक सुटते तेच गर्भाशय आकुंचित करून जार पडायलाही मदत करते. मी आजींना एवढेच सांगितले, "पाजलंत तर जार लवकर पडेल." आरोग्याची व्याख्याने देण्यापेक्षा हे वाक्य जास्त चालते, असा माझा अनुभव आहे. त्यांनी दावे सैल केले. दुसरी अडचण खरवसाची. पहिल्या दिवसाचा चीक, जो वासराला सर्वांत मोलाचा, त्याचाच खरवस सर्वांत घट्ट होतो आणि शेजारीपाजारी त्याचीच वाट पाहत असतात. मलाही खरवस आवडतो, वेलची-गूळ घातलेला तर फारच. तिसऱ्या-चौथ्या धारेच्या चिकाचा थोडा सैल होतो, पण होतो.

चिकाने आर.एस.व्ही. पूर्ण टळत नाही. आजार सौम्य होतो आणि उशिरा येतो. पण त्याच प्रतिपिंडांमुळे लहान वासराला टोचलेली लस नीट लागू पडत नाही, म्हणून परदेशांत नाकात थेंब टाकण्याची जिवंत लस वासरांना देतात. बाळांच्या बाबतीत मात्र लशीचा इतिहास दुःखद आहे. अमेरिकेत १९६६-६७ मध्ये विषाणू फॉर्मलिन या रसायनाने मारून केलेली लस तान्ह्या मुलांना देण्यात आली. एका चाचणीत लस घेतलेल्यांपैकी वीस बाळांना पुढे लागण झाली. त्यांतील सोळांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोन दगावली. ही लस न घेतलेल्या गटात एकवीस जणांना लागण झाली, पण रुग्णालयात एकालाच जावे लागले. लशीने रक्षण करण्याऐवजी आजार वाढवला होता. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लॉरेल गर्शविन यांच्या गटाने वासरांवर तशाच फॉर्मलिनच्या लशीने तोच प्रकार घडताना दाखवला. हा रोग नैसर्गिकरीत्या, स्वतःच्याच विषाणूने होणारा प्राणी म्हणून वासराचे मोल येथे उंदरापेक्षा कितीतरी जास्त आहे.

काय बिघडले होते ते उलगडायला अर्धे शतक गेले. पेशीशी एकजीव होणारे ते प्रथिन काम होण्यापूर्वी एका आकारात असते आणि काम झाल्यावर, उघडून पडलेल्या छत्रीसारखे, कायमचे दुसऱ्या आकारात जाते. फॉर्मलिनच्या लशीत बहुतेक प्रथिन दुसऱ्या आकारात गेलेले होते. शरीराने प्रतिपिंडे केली, पण ती विषाणूला चिकटत, थोपवत मात्र नसत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांनी २०१३ मध्ये पहिल्या आकाराचा नकाशा काढला आणि प्रथिनाला त्याच आकारात खिळवून ठेवण्याची युक्ती शोधली. कोविडच्या लशींत कामी आली ती हीच विद्या. आणि २०१७ मध्ये गाईच्या विषाणूचे तसेच खिळवलेले प्रथिन वासरांना टोचून, नंतर त्यांना मुद्दाम विषाणू देऊन पाहिले, तेव्हा वासरे सुरक्षित राहिली. गर्भवतींना लस टोचण्याची परवानगी अमेरिकेत मिळाली ती त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये. बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान आईला एकच इंजेक्शन दिले जाते; मोठ्या चाचणीत पहिल्या तीन महिन्यांतला गंभीर आजार त्यामुळे सुमारे ८२ टक्क्यांनी कमी झाला. दुसरा मार्ग निर्सेव्हिमॅब या तयार प्रतिपिंडाचा, जे बाळालाच एकदा टोचले की सुमारे पाच महिने पुरते. म्हणजे एक उपाय वारेतून जातो, आणि दुसरा, माझ्या भाषेत सांगायचे तर, सुईतून दिलेला चीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सर्व देशांनी या दोहोंपैकी एक तरी वापरावा अशी शिफारस केली.

त्याची गरज कोठे आहे हे सांगायला लांब जायला नको. २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले या विषाणूमुळे दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या महान ट्रस्टने परदेशी संशोधकांसह ९३ आदिवासी गावांत दोन वर्षांखालील मुलांचा घरोघरी मागोवा घेतला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी आजारी मुलांच्या, आणि घरीच दगावलेल्या बाळांच्याही, नाकातले नमुने घेतले. रुग्णालयाच्या नोंदवहीत न येणारे मृत्यू त्यामुळे पहिल्यांदा नावानिशी मोजले गेले. माझ्या नोंदवहीतला तो 'न्यूमोनिया' मला हे वाचताना आठवला.

नात पाच दिवसांनी घरी आली. आता ती चालते आणि भिंतींवर रेघोट्या मारते.

राहिले ते अर्धे उत्तर. हा विषाणू माणसाला जन्मात एकदाच होत नाही. पुन्हा पुन्हा होतो, आणि मोठ्या माणसात नुसती सर्दी म्हणून निघून जातो. पुण्याकडे त्याचा जोर असतो तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे नेमका गौरी-गणपतीच्या आसपास, जेव्हा सगळे गोत एका घरात जमते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार ते सहा दिवस जातात. नातीचे नाक पाचव्या दिवशी वाहू लागले. गौरी जेवणाच्या दिवशी माझे नाक वाहत होते. एस.टी.च्या खिडकीतला वारा लागला असेल म्हणून मी दुर्लक्ष केले, रुमालाने नाक पुसले, त्याच हाताने नातीची हनुवटी धरली आणि तिचा पापा घेतला. माझ्या नाकाची तपासणी कोणी केली नाही, त्यामुळे सिद्ध काहीच होत नाही; त्या घरात त्या दिवशी शिंकणारा मी एकटाही नव्हतो.

मागच्या महिन्यात हे सारे विहीणबाईंना सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे शर्ट मी उगाच उकळला. तुम्हालाच उकळायला हवं होतं."